पोलंड

पोलंड : मध्य यूरोपातील एक प्रजासत्ताक. क्षेत्रफळ सुमारे ३,१२,७०० चौ. किमी., म्हणजे महाराष्ट्राहून किंचित मोठे. लोकसंख्या मात्र पावणेचार कोटींच्या आसपास. राजधानी वॉर्सा, पोलिश उच्चार वार्शावा. चलन झ्वॉटी; या शब्दाचा अर्थच ‘सोन्याचा’. उत्तरेस बाल्टिक समुद्र, पश्चिमेस जर्मनी, दक्षिणेस चेक प्रजासत्ताक व स्लोव्हाकिया, पूर्वेस युक्रेन व बेलारूस, तर ईशान्येस लिथुएनिया आणि रशियाचा कालिनिनग्राड प्रांत.

पोलिश लोक आपल्या देशाला ‘पोल्स्का’ म्हणतात. हे नाव ‘पोल्याने’ या स्लाव्ह टोळीवरून आले आणि टोळीचे नाव ‘पोले’, म्हणजे शेत किंवा माळ, या शब्दावरून आले असे मानतात. दक्षिण सीमेवरचे कार्पेथियन व सुदेतेन डोंगर सोडले, तर देश खरोखरच माळासारखा पसरलेला आहे. तात्रा पर्वतातील रिसी हे सर्वोच्च शिखर सुमारे २,५०० मी. उंच. त्याच डोंगराळ दक्षिणेतून विस्वा नदी निघते आणि क्राकुफ, वॉर्सा ही शहरे मागे टाकत १,०४७ किमी. वाहून ग्दान्स्कजवळ समुद्राला मिळते. पूर्व-पश्चिम वाटेवर मात्र आडवा डोंगर नाही. सह्याद्रीने मराठी मुलखाला जो आडोसा दिला, तो या मैदानाला कधी लाभला नाही. पोलंडचा इतिहास वाचताना ही एक गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते.

पूर्व सीमेवरचे ब्यावोव्येझा हे यूरोपच्या सखल प्रदेशातील आदिम अरण्याचा उरलेला तुकडा आहे. इथला रानगवा (यूरोपीय बायसन) पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत शिकारीने संपला. प्राणिसंग्रहालयांत वाचलेल्या मोजक्या जनावरांपासून पैदास करून १९५२ पासून त्याला पुन्हा रानात सोडण्यात आले.

राज्याचा आरंभ इ. स. ९६६ पासून धरतात. त्या वर्षी म्येश्को या सत्ताधीशाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तोही रोमच्या पंथाचा. त्यामुळे भाषा स्लाव्ह, पण लिपी रोमन आणि धर्म कॅथलिक अशी या देशाची घडण झाली. क्राकुफचे विद्यापीठ १३६४ चे. तोरुन गावी १४७३ मध्ये जन्मलेला कोपर्निकस तिथेच शिकला. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे मांडणारा त्याचा ग्रंथ १५४३ मध्ये, त्याच्या मृत्यूच्या वर्षी, प्रसिद्ध झाला.

राणी याद्विगा आणि लिथुएनियाचा महासरदार (ग्रँड ड्यूक) यागाइलो यांच्या १३८६ मधील विवाहाने दोन्ही देश जोडले गेले. १५६९ च्या लुब्लिन करारानंतर त्यांचे एकच संयुक्त राज्य झाले आणि ते यूरोपातील मोठ्या राज्यांपैकी एक ठरले. राजा वंशाने येत नसे. सरदारवर्ग त्याची निवड करी. ‘सेय्म’ या सभेत एका सदस्याने जरी ‘मला मान्य नाही’ म्हटले, तरी सगळे अधिवेशन बरखास्त होई. कोणावरही बहुमताची सक्ती नको, हा त्यामागचा विचार थोर होता. पण शेजारच्या सत्तांना एक सदस्य फितवला की पुरे, हे कळले आणि त्याच नियमाने राज्य पोखरले. १६८३ मध्ये व्हिएन्नाला पडलेला तुर्कांचा वेढा उठवणारा यान सोब्येस्की हा या राज्याचा शेवटचा पराक्रमी राजा.

चूक उमगली तेव्हा ती दुरुस्त करण्याचा प्रामाणिक प्रयत्नही झाला. ३ मे १७९१ ची पोलिश राज्यघटना यूरोपातील पहिली आधुनिक लिखित घटना मानली जाते. पण वेळ हातातून गेली होती. रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया यांनी १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन घासांत देश गिळला आणि पुढची १२३ वर्षे पोलंड नकाशावर नव्हते.

ही १२३ वर्षे पोलिश मनाची खरी घडवणूक आहे. आजचे राष्ट्रगीत १७९७ मधले, देश नाहीसा झाल्यावर दोन वर्षांनी इटलीतल्या पोलिश सैनिकांसाठी रचलेले. १८३० व १८६३ चे उठाव फसले. पियानोचा जादूगार शोपँ परदेशात असतानाच पहिला उठाव झाला. तो परतू शकला नाही. १८४९ मध्ये तो पॅरिसला वारला. देह तिथेच पुरला, पण त्याच्या इच्छेप्रमाणे बहिणीने हृदय वॉर्साला आणले आणि ते तिथल्या चर्चच्या खांबात आहे. वॉर्सात जन्मलेल्या मारी क्यूरींनी १८९८ मध्ये नव्या मूलद्रव्याला ‘पोलोनियम’ नाव दिले, तेव्हा पोलंड नावाचे राज्य अस्तित्वातच नव्हते.

११ नोव्हेंबर १९१८ रोजी स्वातंत्र्य आले आणि जेमतेम एकवीस वर्षे टिकले. १ सप्टेंबर १९३९ ला पश्चिमेकडून जर्मनी आणि १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत संघ चालून आले. युद्धात सुमारे साठ लाख पोलिश नागरिक मेले आणि त्यांतले निम्मे ज्यू होते. युद्धापूर्वी तेहतीस लाखांच्या घरात असलेला आणि शतकानुशतके तिथे नांदलेला हा समाज जवळजवळ पुसला गेला. नाझींनी व्याप्त पोलंडमध्ये उभारलेल्या ऑश्विट्झ छावणीतच सुमारे अकरा लाख माणसे मारली गेली. १ ऑगस्ट १९४४ ला वॉर्सा उठले, ६३ दिवस लढले, आणि हरल्यावर जर्मनांनी ते शहर घराघराने पाडले. जुने वॉर्सा आज दिसते ते अठराव्या शतकातील चित्रे व जुने आराखडे समोर ठेवून पुन्हा बांधलेले आहे.

१९४५ मध्ये देशच पश्चिमेकडे सरकवण्यात आला. पूर्वेकडची ल्वूफ व विल्नो ही शहरे सोव्हिएत संघाकडे गेली. जर्मनीची व्रोत्सवाफ, श्चेचिन मिळाली. लक्षावधी कुटुंबांना परक्यांच्या रिकाम्या घरांत संसार मांडावा लागला. युद्धानंतर आलेल्या साम्यवादी राजवटीला पहिला मोठा तडा १९८० मध्ये ग्दान्स्कच्या जहाजबांधणी कारखान्यातून गेला. लेक वालेसा या वीजतंत्र्याच्या नेतृत्वाखाली ‘सॉलिडॅरिटी’ ही स्वतंत्र कामगार संघटना उभी राहिली. दोन वर्षांपूर्वीच क्राकुफचे कार्डिनल पोप जॉन पॉल दुसरे झाले होते. त्याचाही धीर लोकांना होता. जून १९८९ च्या निवडणुकीने राजवट संपली. १९९९ मध्ये पोलंड नाटोत आणि २००४ मध्ये यूरोपीय संघात सामील झाले.

पोलिश भाषेत सात विभक्ती आहेत आणि संबोधन त्यांत धरलेले आहे. ‘ओग्येन’ म्हणजे अग्नी, ‘दिम’ म्हणजे धूर. संस्कृतचे दूरचे नाते असे मधूनच कानी पडते. जेवणात करंजीच्या आकाराचे उकडलेले ‘प्येरोगी’, राय या धान्याच्या आंबवलेल्या पिठाचे ‘झुरेक’ सार आणि कोबी-मांसाचे ‘बिगोस’. २४ डिसेंबरच्या रात्री मांसाविना बारा पदार्थांचे जेवण असते, टेबलावरच्या कापडाखाली गवत ठेवतात आणि अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी एक जागा मांडून ठेवतात. ईस्टरच्या सोमवारी एकमेकांना पाण्याने भिजवण्याची पद्धत पाहिली, की मराठी माणसाला रंगपंचमी आठवावी.

महाराष्ट्राशी पोलंडचा जुना जिव्हाळा आहे. सोव्हिएत राजवटीने सायबेरियाकडे हद्दपार केलेली हजारो पोलिश कुटुंबे १९४२ मध्ये इराणमार्गे बाहेर पडली. पुरुष सैन्यात गेले. स्त्रिया व मुले यांपैकी सुमारे पाच हजारांना कोल्हापूर संस्थानात, वळिवडे येथे, आसरा मिळाला. १९४३ ते १९४८ या काळात तिथे शाळा, चर्च, दवाखाना आणि नाटकेही होती. त्या मुलांपैकी काही जण म्हातारपणी वळिवडे पाहायला परत आले. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्या वास्तव्याचे स्मारक आहे आणि वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचे.