ग्रो-कालँ

फ्रेंच लेखक रोमँ गारी (१९१४–८०) यांची उपरोधिक कादंबरी. ‘एमील आझार’ या टोपणनावाने ती १९७४ मध्ये मर्क्यूर द फ्रान्स या संस्थेने प्रसिद्ध केली. शीर्षकाचा अर्थ ‘मोठी मिठी’ असा असून ते कादंबरीतील अजगराचे नाव आहे.

निवेदक कुझँ हा पॅरिसमधील एका कार्यालयात सांख्यिकीचे काम करणारा एकटा गृहस्थ. जवळचे म्हणावे असे कोणीही नसलेल्या या माणसाच्या आडनावाचा फ्रेंचमधील अर्थ मात्र चुलत, आते वा मावसभाऊ असा होतो. आफ्रिकेच्या सहलीत मिळालेला २ मीटर २० सेंटिमीटर लांबीचा अजगर तो सदनिकेत पाळतो. दिवसाअखेर कोणीतरी आपल्याला घट्ट विळखा घालावा, एवढीच त्याची मागणी असते. अजगराला जिवंत भक्ष्य लागते, पण त्यासाठी आणलेल्या उंदरीचे ‘ब्लाँदीन’ असे बारसे केल्यावर तिचाही लळा लागतो आणि माया कोणावर करावी हा पेच उभा राहतो. कार्यालयातील मादमोझेल ड्रेफ्युस हिच्याबरोबर उद्वाहकातून होणाऱ्या रोजच्या मूक प्रवासावर तो मनोमन विवाहाचे इमले रचतो.

कादंबरीचे खरे बळ कथानकापेक्षा भाषेत आहे. पॅरिसमधील अजगरांविषयी शास्त्रीय प्रबंध लिहीत असल्याचा कुझँचा आव आहे. त्याची वाक्ये मात्र अजगराप्रमाणेच वळसे घेतात, स्वतःभोवती गाठी मारतात आणि भलत्याच ठिकाणी जाऊन पोहोचतात. सार्वजनिक सेवांच्या ‘वापरकर्त्यां’साठी असलेला फ्रेंच शब्द एका अक्षराच्या फरकाने तो ‘वापरून झिजलेले’ असा करतो, आणि पॅरिस परिसरातील कोटीभर माणसांचे वर्णन त्या एका श्लेषात उरकते. उपभोगवादावरील ही टीका प्रवचनाचा सूर लावत नाही, कारण बोलणाऱ्याला आपण विनोदी आहोत याचा पत्ताच नसतो.

अजगर प्राणिसंग्रहालयाला दिल्यानंतर कुझँ स्वतःच अजगरासारखा वागू लागतो. हस्तलिखितातील शेवट याहून पुढे जाणारा होता. प्रकाशकाच्या आग्रहावरून तो गाळण्यात आला आणि २००७ च्या आवृत्तीत वाचकांसमोर आला. आझार म्हणजेच गारी, हा उलगडा त्यांच्या मृत्यूनंतर १९८१ मध्ये झाला.