खोती

खोती : कोकणातील जमीनमहसुलाची जुनी पद्धत. गावाचा सारा सरकारात भरण्याची कबुलायत खोत लिहून देई आणि मग जमीन कसणाऱ्या कुळांकडून आपल्या हिशेबाने वसुली करी. भरलेला सारा आणि केलेली वसुली यांतला फरक हा खोताचा फायदा. जुना रत्नागिरी जिल्हा आणि कुलाबा, म्हणजे आताचा रायगड, हे तिचे मुख्य क्षेत्र. खोती कायद्याने जाऊन पाऊणशे वर्षे झाली. तरी तिची नोंद निव्वळ भूतकाळात लिहिता येत नाही, कारण गावात जमीन कोणाच्या नावावर आहे आणि कोणाच्या नाही, याचे उत्तर अजून तिच्यापाशीच सापडते.

खोत बहुधा चित्पावन, मराठा, कायस्थ किंवा मुसलमान घराण्यांतले. लोकमान्य टिळकांचे घराणेही दापोलीजवळच्या चिखलगावचे खोत. कसणारे मात्र कुणबी, आगरी, महार. फक्त सरकारी साऱ्याइतकीच रक्कम भरणाऱ्या धारेकऱ्याची मान थोडी ताठ असे. साध्या कुळाला ती सोय नव्हती. भाताचा निम्मा वाटा देणारा अर्धेली, तिसरा हिस्सा देणारा तिर्धेली. पीक उभे असतानाच खोताची माणसे अंदाज बांधत, त्याला अभावणी म्हणत. अंदाज चढा निघाला तर तूट कुळाच्या कोठारातून भरायची. शिवाय वेठ, म्हणजे फुकटची राबणूक, होतीच. 1880 च्या खोती कायद्याने हे संबंध कागदावर आणले, पण खोताला हात लावला नाही. खंड, म्हणजे जमीन कसण्याबद्दल द्यायचा वाटा, फेडायला पैसा लागे आणि तो मुंबईच्या गिरणीतून मनीऑर्डरने येई. कोकणी माणसाच्या मुंबईच्या वाटेमागे नापीक कातळाइतकाच हा खंडही आहे, हे चाकरमान्यांच्या कौतुकात विसरले जाते.

विरोध धुमसत होताच. अलिबाग तालुक्यातील चरी येथे 27 ऑक्टोबर 1933 रोजी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी संप पुकारला. पंचवीस गावे त्यात उतरली आणि सुमारे सहा वर्षे शेते पडीक राहिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 17 सप्टेंबर 1937 रोजी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले; जानेवारी 1938 मध्ये हजारो शेतकरी मोर्चाने कौन्सिल हॉलवर गेले. ते विधेयक मंजूर झाले नाही. खोती गेली ती 1949 च्या कायद्याने, 1950 पासून.

पुढचा टप्पा कुळकायद्याचा. 1 एप्रिल 1957 या कृषक दिनी कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले, पण किंमत ठरायची ती शेतजमीन न्यायाधिकरणापुढे, त्या कायद्याच्या कलम 32 ग खाली. ती फेडल्यावर कलम 32 म चे खरेदी प्रमाणपत्र. तारखेला कूळ हजर नसेल तर खरेदी निष्प्रभ ठरू शके. मुंबईच्या चाळीत राहणाऱ्याला गावच्या चावडीवर लागलेली नोटीस कळायची कशी? मालक विधवा किंवा अल्पवयीन असेल तर खरेदीच पुढे ढकलली जाई. अशा किती तरी जमिनींच्या सातबाऱ्यावर आजही वर जुन्या मालकाचे नाव आणि कुळाचे नाव ‘इतर हक्का’त आहे. वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या, जमिनीला कोणी विचारत नसे तोवर हे खपून गेले. कोकण रेल्वे, आंबा कलमे, महामार्गाचे चौपदरीकरण आणि समुद्राकाठची रिसॉर्टे आल्यावर भाव चढले, आणि मोबदला घ्यायला कोणाची सही चालणार यावर भाऊबंदकीसकट सगळे जुने हिशेब वर आले. लग्न होऊन गेलेल्या बहिणीची सहीही तेव्हाच आठवते. एरवी हक्कसोडपत्र गृहीतच धरलेले असते.

या सुधारणेची खरी मर्यादा मात्र वेगळी आहे. कायद्याने कुळाला जमीन दिली. जो कूळही नव्हता त्याला काही मिळाले नाही. मजुरीवर राबणारी महार कुटुंबे, दुसऱ्याच्या बांधावर आयुष्य काढणाऱ्या बायका आणि सर्वांत तळाला कातकरी आदिवासी. रायगडातल्या अनेक कातकरीवाड्या खाजगी जमिनीवर वसल्या आहेत. दिवाळीनंतर ही कुटुंबे वीटभट्ट्यांवर किंवा कोळशाच्या कामाला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात ती याच वाडीत. घरकुलाचा अर्ज भरताना जागेचा उतारा मागितला की काम तिथेच अडते. उताऱ्यावर नाव असते ते दुसऱ्याचे.