शासकीय सेवेतील वन्यजीव जीवशास्त्रज्ञ : दोन मार्ग, पात्रता, अर्ज आणि कागदपत्रे

वन्यजीव, वने, पाणथळ जागा किंवा खारफुटी यांच्या अभ्यासाचे काम शासनासोबत राहून करू इच्छिणाऱ्या विज्ञान पदवीधराने एक गोष्ट आरंभीच समजून घ्यावी. ‘वन्यजीव जीवशास्त्रज्ञ’ या पदनामाने निघणाऱ्या जाहिराती बहुतांशी कंत्राटी पदांच्या असतात, आणि वन विभागातील कायमस्वरूपी अधिकारीपदे मात्र वेगळ्या नावांनी, स्पर्धा परीक्षांमधून भरली जातात. त्यामुळे मार्ग दोन आहेत. पहिल्यात शास्त्रज्ञाचे काम मिळते, पण सेवेची शाश्वती मिळत नाही. दुसऱ्यात सेवा आणि अधिकार मिळतात, पण संशोधनासाठी वेळ प्रशासन, अतिक्रमणे, वणवे, न्यायालयीन प्रकरणे आणि मानव-वन्यजीव संघर्ष यांतून काढावा लागतो. दोन्ही मार्गांची पात्रता, वयोमर्यादा आणि कागदपत्रे वेगवेगळी असल्याने पदव्युत्तर शिक्षणाच्या शेवटच्या वर्षातच दिशा ठरवणे हिताचे आहे.

कंत्राटी जीवशास्त्रज्ञाचे पद

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २००६ साली झालेल्या दुरुस्तीनुसार प्रत्येक व्याघ्र प्रकल्पासाठी व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठान स्थापन करण्याची तरतूद कलम ३८ एक्समध्ये आहे. महाराष्ट्रात मेळघाट, ताडोबा-अंधारी, पेंच, नवेगाव-नागझिरा, बोर आणि सह्याद्री असे सहा व्याघ्र प्रकल्प असून जीवशास्त्रज्ञांच्या नेमणुका बहुधा या प्रतिष्ठानांमार्फत होतात. जाहिरात वन विभागाच्या संकेतस्थळावर, प्रकल्पाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर आणि कधी स्थानिक वृत्तपत्रांत येते. अर्जासाठी दिलेली मुदत अनेकदा अगदी थोडी असते. म्हणून अमरावती, चंद्रपूर, नागपूर, कोल्हापूर येथील क्षेत्र संचालक कार्यालयांच्या सूचनांकडे नियमित लक्ष ठेवावे लागते. किनारपट्टीवर काम करू इच्छिणाऱ्यांनी याच पद्धतीने वन विभागाचा कांदळवन (खारफुटी) कक्ष आणि त्याच्याशी संलग्न प्रतिष्ठानाच्या जाहिराती पाहाव्यात. तेथे सागरी जीवशास्त्र आणि मत्स्यशास्त्र शिकलेल्यांना वाव असतो.

या पदांसाठी साधारणपणे वन्यजीवशास्त्र, प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, पर्यावरणशास्त्र किंवा वनशास्त्र यांपैकी एका विषयातील पदव्युत्तर पदवी आणि प्रत्यक्ष क्षेत्रकामाचा अनुभव मागितला जातो. अखिल भारतीय व्याघ्रगणना दर चार वर्षांनी होते आणि व्याघ्र प्रकल्पांत दरवर्षीही कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून जाताच आपोआप छायाचित्र टिपणारे कॅमेरे) लावून वाघांची नोंद घेतली जाते. त्यामुळे कॅमेरा ट्रॅपची मांडणी, पट्ट्यांवरून वाघाची ओळख पटवणे, तृणभक्षी प्राण्यांच्या गणनेसाठी ट्रान्सेक्टवर (आखून दिलेल्या सरळ रेषेवर) चालणे, जीआयएस म्हणजे भौगोलिक माहिती प्रणालीवरील नकाशे तयार करणे आणि संख्याशास्त्रीय विश्लेषण ही कौशल्ये मुलाखतीत थेट तपासली जातात. ‘वन्यजीवांची आवड आहे’ एवढ्या वाक्याने निवड समितीचे समाधान होत नाही. किती चौरस किलोमीटर क्षेत्रात, कोणत्या पद्धतीने आणि कोणाच्या मार्गदर्शनाखाली काम केले, तसेच त्याचा अहवाल कोठे आहे, हे अर्जात स्पष्ट यायला हवे.

अर्जासोबत स्वयंसाक्षांकित गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, जन्मतारखेचा पुरावा, ओळखपत्र, अनुभव प्रमाणपत्रे आणि शोधनिबंध असल्यास त्याचे पहिले पान जोडावे. अनुभव प्रमाणपत्रावर रुजू झाल्याची तारीख, काम सोडल्याची तारीख, पदनाम, कामाचे स्वरूप आणि अधिकृत सही-शिक्का असावा. अनेक तरुण चांगले क्षेत्रकाम करतात, पण प्रकल्प संपताना हे पत्र घ्यायचे राहते, आणि पुढे तेवढा अनुभव छाननीत मोजला जात नाही. स्वयंसेवक म्हणून केलेले काम आणि मानधनावर केलेले काम यांची प्रमाणपत्रे वेगळी ठेवावीत, कारण जाहिरातीत ‘पदवीनंतरचा अनुभव’ असे म्हटलेले असेल तर दोन्हींचे मूल्य सारखे धरले जाईलच असे नाही.

निवड झाल्यावर करारपत्र पूर्ण वाचूनच सही करावी. नेमणूक ठरावीक मुदतीची, बहुधा अकरा महिन्यांची असते, मानधन एकत्रित असते आणि या नेमणुकीमुळे शासकीय सेवेत कायम होण्याचा हक्क मिळत नाही, असे त्यात लिहिलेले असते. गोळा केलेली माहिती परवानगीशिवाय प्रसिद्ध करू नये, अशी अटही बहुधा असते. पीएच.डी.साठी तीच माहिती वापरण्याचा विचार असेल तर लेखी परवानगी सुरुवातीलाच मागावी. संरक्षित क्षेत्रात स्वतंत्र संशोधन करायचे असल्यास मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, आणि कंत्राटी नेमणूक ही त्या परवानगीला पर्याय ठरत नाही.

देहरादून येथील भारतीय वन्यजीव संस्था ही केंद्रीय पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्रालयाची स्वायत्त संस्था आहे. तेथेही प्रकल्पनिहाय तात्पुरती पदे निघतात. नेट किंवा गेट या राष्ट्रीय पातळीवरील पात्रता परीक्षा उत्तीर्ण असल्यास तेथे निश्चित फायदा होतो, त्यामुळे हा मार्ग निवडणाऱ्याने त्या परीक्षा लांबणीवर टाकू नयेत.

भारतीय वन सेवा

कायम सेवेचा सर्वांत मोठा मार्ग म्हणजे संघ लोकसेवा आयोगामार्फत होणारी भारतीय वन सेवा परीक्षा. ही सेवा १९६६ मध्ये अखिल भारतीय सेवा म्हणून स्थापन झाली. २०१३ पासून तिची पूर्वपरीक्षा वेगळी राहिलेली नसून नागरी सेवा पूर्वपरीक्षेतूनच वन सेवेच्या मुख्य परीक्षेसाठी उमेदवार निवडले जातात. म्हणून अर्ज भरताना वन सेवेचा पर्याय स्वतंत्रपणे नोंदवावा लागतो. तो नोंदवला नाही, तर पूर्वपरीक्षेत कितीही गुण मिळाले तरी वन सेवेसाठी विचार होत नाही.

पात्रतेची मुख्य अट पदवीच्या विषयाची आहे. पशुसंवर्धन व पशुवैद्यकशास्त्र, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र आणि प्राणिशास्त्र यांपैकी किमान एक विषय घेऊन पदवी मिळवलेली असावी, किंवा कृषी, वनशास्त्र अथवा अभियांत्रिकी या शाखेची पदवी असावी. दापोली आणि अकोला येथील वनशास्त्राचे पदवीधर त्यामुळे थेट पात्र ठरतात. सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान किंवा पर्यावरणशास्त्र या विषयांत पदवी घेतलेल्यांनी मात्र आपल्या गुणपत्रिकेत वरीलपैकी एखादा विषय त्याच नावाने आहे का, हे अर्जापूर्वी तपासावे. पदव्युत्तर पदवी अनिवार्य नाही. पदवीच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी पूर्वपरीक्षेस बसू शकतात, परंतु मुख्य परीक्षेच्या अर्जासोबत पदवी उत्तीर्ण झाल्याचा पुरावा द्यावा लागतो.

वय परीक्षेच्या वर्षातील १ ऑगस्ट रोजी २१ वर्षे पूर्ण आणि ३२ वर्षांच्या आत असावे. २०२५ च्या परीक्षेचे उदाहरण घेतले, तर जन्म २ ऑगस्ट १९९३ पूर्वीचा आणि १ ऑगस्ट २००४ नंतरचा नसावा, अशी अट होती. अनुसूचित जाती-जमातींना पाच वर्षे आणि इतर मागासवर्गीयांना तीन वर्षे सवलत आहे. खुल्या प्रवर्गाला सहा, इतर मागासवर्गाला नऊ संधी मिळतात, आणि पूर्वपरीक्षेच्या एका पेपरला बसले तरी एक संधी मोजली जाते. शुल्क १०० रुपये असून महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि बेंचमार्क दिव्यांग (किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या) उमेदवारांना ते माफ आहे.

२०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी वन सेवेसाठी सुमारे १५० जागा जाहीर झाल्या. जागा कमी असल्याने पूर्वपरीक्षेतील वन सेवेची गुणमर्यादा नागरी सेवेपेक्षा बरीच वर असते, याची जाणीव ठेवूनच तयारी करावी. मुख्य परीक्षेत सामान्य इंग्रजी आणि सामान्य ज्ञान हे प्रत्येकी ३०० गुणांचे पेपर आणि दोन वैकल्पिक विषयांचे प्रत्येकी २०० गुणांचे चार पेपर असे एकूण १४०० गुण असतात, त्यानंतर ३०० गुणांची व्यक्तिमत्त्व चाचणी होते. नागरी सेवेची मुख्य परीक्षा मराठीतून देता येते, वन सेवेची मात्र इंग्रजीतूनच लिहावी लागते. मराठी माध्यमातून शिकलेल्या उमेदवाराने यामुळे मागे फिरण्याचे कारण नाही, परंतु शास्त्रीय विषयावर इंग्रजीत नेटके उत्तर लिहिण्याचा सराव किमान वर्षभर आधी सुरू करावा. कृषी आणि वनशास्त्र, तसेच गणित आणि संख्याशास्त्र अशा काही जोड्या एकत्र घेता येत नाहीत. प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्रासोबत वनशास्त्र घेता येते आणि जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही निवड सोयीची पडते, कारण वनशास्त्राच्या अभ्यासक्रमात वन्यजीवशास्त्राचाही भाग आहे. मुख्य परीक्षेची केंद्रे देशभरात मोजकीच असून त्यांत नागपूरचा समावेश आहे.

शारीरिक पात्रतेकडे अनेकांचे लक्ष उशिरा जाते. पुरुषांसाठी उंची १६३ सेंटिमीटर, महिलांसाठी १५० सेंटिमीटर असावी लागते, आणि अनुसूचित जमातीच्या उमेदवारांना उंचीत सवलत आहे. छातीचे माप आणि फुगवण, दृष्टी व रंगओळख यांची तपासणी होते. पुरुषांना चार तासांत २५ किलोमीटर आणि महिलांना चार तासांत १४ किलोमीटर चालण्याची चाचणी पूर्ण करावी लागते. रंगओळखीची तपासणी अभ्यास सुरू करण्याआधीच नेत्रतज्ज्ञांकडून करून घ्यावी, म्हणजे काही वर्षांच्या कष्टांनंतर वैद्यकीय मंडळासमोर अनपेक्षित निर्णय ऐकावा लागत नाही.

प्रमाणपत्रांचा प्रश्न

अभ्यासात कमी न पडलेले उमेदवार कागदपत्रांत अडकतात तेव्हा फार वाईट वाटते, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहीत आहे. जन्मतारखेसाठी आयोग दहावीचे प्रमाणपत्र किंवा तत्सम शालान्त प्रमाणपत्रच ग्राह्य धरतो. जन्मपत्रिका, प्रतिज्ञापत्र किंवा महानगरपालिकेचा जन्मदाखला चालत नाही. नावाचे स्पेलिंग, मधले नाव आणि आडनावाचा क्रम दहावीचे प्रमाणपत्र, आधार आणि पदवी यांत एकसारखा नसेल, तर दुरुस्ती किंवा राजपत्रातील नावबदल जाहिरात येण्यापूर्वीच पूर्ण करावा.

इतर मागासवर्गाच्या उमेदवाराला केंद्रीय भरतीसाठी केंद्र शासनाच्या नमुन्यातील प्रमाणपत्र लागते आणि त्याची जात केंद्रीय सूचीत असावी लागते. राज्य शासनाच्या नमुन्यातील नॉन-क्रीमी लेअर प्रमाणपत्र तेथे पुरेसे होत नाही. महाराष्ट्रातील विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्ग हे राज्याचे प्रवर्ग आहेत. केंद्रीय भरतीत या नावांनी आरक्षण नाही, त्यामुळे आपली जात केंद्राच्या कोणत्या सूचीत आहे हे प्रत्येकाने स्वतः पडताळावे. तारखेची अटही काटेकोर आहे. २०२५ च्या परीक्षेसाठी इतर मागासवर्ग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक या दोन्ही प्रमाणपत्रांवर १ एप्रिल २०२४ किंवा त्यानंतरची आणि अर्जाच्या अंतिम दिनांकापर्यंतची तारीख अपेक्षित होती. अधिसूचना साधारणतः जानेवारी-फेब्रुवारीत येते आणि मुदत सुमारे तीन आठवड्यांची असते. तेवढ्या दिवसांत तहसील किंवा उपविभागीय अधिकारी कार्यालयातून नवे प्रमाणपत्र हाती येईल यावर विसंबून राहू नये. एप्रिल संपताच अर्ज करून ठेवावा.

महाराष्ट्र वन सेवा

राज्य लोकसेवा आयोगामार्फत सहायक वनसंरक्षक, गट अ आणि वनक्षेत्रपाल, गट ब ही पदे भरली जातात. पदवीच्या विषयांची अट येथेही आहे आणि चालण्याची चाचणीही आहे. वनक्षेत्रपाल हा अधिकारी जंगलाच्या सर्वांत जवळ असतो. त्याच्या परिक्षेत्रातील पाणवठे, कुरणे, शिकारीच्या घटना आणि पिकांच्या नुकसानीचे पंचनामे रोज त्याच्याकडे येतात. जीवशास्त्र मनापासून शिकलेल्या व्यक्तीने हे पद दुय्यम समजू नये, कारण अधिवास व्यवस्थापनाचा निर्णय जमिनीवर तेथेच अमलात येतो.

राज्याच्या भरतीसाठी अधिवास प्रमाणपत्र, राज्य नमुन्यातील जात प्रमाणपत्र, लागू असल्यास नॉन-क्रीमी लेअर प्रमाणपत्र आणि जातवैधता प्रमाणपत्र ही कागदपत्रे महत्त्वाची आहेत. जातवैधतेची पडताळणी समितीपुढे चालते आणि जुन्या महसुली किंवा शालेय नोंदी गोळा करण्यात बराच काळ जातो, तेव्हा हे काम निकालाची वाट न पाहता हाती घ्यावे. लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्रही द्यावे लागते. २८ मार्च २००६ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या अपत्यामुळे हयात अपत्यांची संख्या दोनपेक्षा अधिक झाली असेल, तर उमेदवार नेमणुकीस अपात्र ठरतो.

कंत्राटी जीवशास्त्रज्ञ म्हणून काम करत असताना या परीक्षा देता येतात. तेव्हा करारात कार्यालयाला पूर्वसूचना देण्याची अट असल्यास तसे पत्र देऊन त्याची पोहोच घ्यावी. अर्ज सादर झाल्यावर त्याची छापील प्रत, शुल्काची पावती आणि जोडलेल्या प्रत्येक प्रमाणपत्राची स्पष्ट प्रत एकाच धारिकेत ठेवावी, कारण मुख्य परीक्षेच्या अर्जात आणि मूळ कागदपत्रांच्या तपासणीत भरलेला प्रत्येक तपशील पहिल्या अर्जाशी जुळवून पाहिला जातो.