मशीनसोबत येणारा ऑपरेटर काय शिकून येतो, आणि मध्येच काम का थांबवतो

पोकलेनसारखं खोदकामाचं मशीन भाड्याने घेताना बहुतेक ग्राहक मॉडेल विचारतात, बकेट केवढी आहे ते विचारतात. ऑपरेटरबद्दल फारसं कुणी विचारत नाही. तुमचा पाया, चर किंवा सपाटीकरण नीट होणार की नाही, हे मात्र बरंचसं कॅबिनमध्ये बसलेल्या माणसावर ठरतं. आमच्या ऑपरेटरचं शिक्षण कसं होतं, हे तुम्हाला माहीत असावं असं आम्हाला मनापासून वाटतं.

हात बसायला वेळ लागतो

पोकलेनला दोन हातांचे दोन लिव्हर असतात. सर्वात प्रचलित पद्धतीत डाव्या लिव्हरने मशीनचं वरचं अंग गोल फिरतं आणि आर्म, म्हणजे बकेट धरणारा पुढचा दांडा, आत-बाहेर होतो. उजव्याने बूम, म्हणजे मशीनला जोडलेला मुख्य दांडा, वर-खाली होतो आणि बकेट मिटते-उघडते. एवढं पहिल्याच दिवशी समजतं. शिकाऊ माणूस मात्र एकेक हालचाल सुटी करतो, म्हणून मशीन झटके खातं आणि चरीच्या तळाला खळगे पडतात. तळ सरळ काढायचा तर आर्म आत ओढता ओढता बूम सावकाश उचलायचा आणि त्याच वेळी बकेटचा कोन सांभाळायचा. तिन्ही एकदम. ती सवय नुसतं पाहून येत नाही, त्यासाठी शेकडो तास मशीनवर बसावं लागतं.

काही मशीनमध्ये बूम आणि आर्मचे लिव्हर उलटे असतात. त्यामुळे जुना, मुरलेला ऑपरेटरही नव्या मशीनवर बसला की आधी मोकळ्या जागेत प्रत्येक लिव्हर हलवून पाहतो. चेनचं, म्हणजे मशीन ज्यांवर चालतं त्या लोखंडी पट्ट्यांचंही तसंच. चेन फिरवणारं दातेरी चाक मशीनच्या मागच्या बाजूला असतं. वरचं अंग अर्धा फेरा फिरलं की तेच चाक ऑपरेटरच्या समोर येतं, आणि चेनचा लिव्हर पुढे ढकलला तर मशीन त्याच्या पाठीमागे चालू लागतं. नवशिक्याच्या हातून होणारे बरेच अपघात याच एका गोंधळातून होतात. म्हणून मशीन हलवण्याआधी दातेरी चाक कुठे आहे ते पाहायचं, हे आम्ही पुन्हा पुन्हा घोकून घेतो.

सिम्युलेटरवर लिव्हरची ओळख चांगली होते, काही मोडण्याची भीतीही नसते. पण चेनखालची माती दबायला लागली की सीटमधून जे जाणवतं, ते खऱ्या जमिनीवरच शिकता येतं. वर्गात लोडचं गणित, हातखुणा आणि देखभाल. मग मोकळ्या मैदानावर सराव. मग अनुभवी माणसाच्या नजरेखाली साइटवर छोटी कामं. शिकाऊला एकट्याला तुमच्या साइटवर आम्ही पाठवत नाही.

पोकलेन चालवता येतो म्हणजे डोझर किंवा क्रेनही चालवता येते असं नाही. प्रत्येकाचं प्रशिक्षण आणि परीक्षा वेगळी. ग्रेडर, म्हणजे लांब पात्याने रस्ता सपाट करणारं मशीन, तर आमच्या मते सगळ्यांत अवघड. पात्याचा कोन जरा चुकला तर रस्त्याचा उतारच चुकतो.

सकाळची वीस मिनिटं

ऑपरेटर आला आणि मशीनभोवती नुसता फिरतोय, असं तुम्हाला वाटेल. तो इंजिन ऑइल, कूलंट आणि हायड्रॉलिक ऑइलची पातळी, चेनचा ताण, पिनांचं ग्रीसिंग आणि पाइपांची गळती तपासत असतो. हायड्रॉलिक पाइपात दाब 300 बारच्या वर जातो. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून उडणारं तेल कातडीत घुसतं. जखम किरकोळ दिसते, पण तातडीने शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. म्हणून गळती हाताने चाचपायची नाही, पुठ्ठा धरून पाहायची. संध्याकाळी बकेट जमिनीवर टेकवून इंजिन तीन ते पाच मिनिटं रिकामं चालू ठेवलं जातं, टर्बो (इंजिनात जादा हवा भरणारा भाग) थंड व्हावा म्हणून. तेवढा धीर तुम्हीही धरा.

तो थांबला तर

मशीन फिरतं तेव्हा मागचं काउंटरवेट, म्हणजे तोल सांभाळणारं जड वजनही फिरतं, आणि त्या बाजूला ऑपरेटरला नीट दिसत नाही. तिथे भिंत आणि मशीनच्या मध्ये माणूस उभा असेल तर त्याला सुटायला जागाच राहत नाही. कुणी त्या घेऱ्यात शिरलं की ऑपरेटर हात थांबवतो, मग ते साइटचे मालक असले तरी. इशारे एकाच माणसाने द्यावेत. ‘थांब’ मात्र कुणीही म्हणू शकतं, आणि तो थांबेल.

वरून वीजतारा जात असतील तर बूम तारेपासून किमान 3 मीटर लांब ठेवायला आम्ही शिकवतो. तारेतल्या विजेचा दाब (व्होल्टेज) जास्त असेल तर अंतरही वाढतं. चुकून स्पर्श झालाच तर ऑपरेटर कॅबिनमध्येच बसून राहील. त्याला खाली ओढायला धावू नका, मशीनला हात लावू नका, आधी वीज बंद करवा.

चरीबद्दल सर्वात जास्त वाद होतात. एक घनमीटर माती साधारण दीड ते दोन टन भरते. तेवढं वजन अंगावर आलं तर छाती हलत नाही, श्वास घेता येत नाही. म्हणून उपसलेली माती काठापासून किमान 60 सेंटिमीटर लांब टाकली जाते, आणि चर दीड मीटरच्या आसपास खोल गेली की बाजूंना आधार किंवा उतार दिल्याशिवाय कुणी आत उतरलेलं आमचा ऑपरेटर चालवून घेत नाही. ‘दोनच मिनिटांचं काम आहे’ हे आम्ही फार वेळा ऐकलं आहे. काठ ढासळायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

मशीन येण्याच्या आदल्या दिवशी जमिनीखालचे पाण्याचे पाइप, केबल, जुनी टाकी किंवा विहीर यांपैकी काय कुठे आहे ते आम्हाला कळवा, आणि शक्य असेल तर चुन्याने आखून ठेवा. नक्की जागा ठाऊक नसेल तर तेही सांगा. त्या पट्ट्यात ऑपरेटर आधी हाताने खोदून घ्यायला सांगेल.