मागून धडक बसून ट्रकची चासी वाकली: विमा दावा, आरटीओची मंजुरी आणि लागणारी कागदपत्रे

मागून धडक बसली की डाला, बंपर, टेललाइट यांची मोडतोड लगेच दिसते. चासीचा वाक मात्र टेप लावल्याशिवाय कळत नाही, आणि दाव्यातली मोठी रक्कम बहुतेक वेळा तिथेच अडकलेली असते. म्हणून विमा कंपनीचा सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत आणि मोजमाप कागदावर येईपर्यंत चासीला हातोडा, गॅस किंवा जॅक लावू देऊ नका. गाडी उभी राहिली की हप्ता चढतो, त्यामुळे मालकाला घाई असते. पण आधीच सरळ केलेली चासी किती वाकली होती, हे नंतर सिद्ध करणं फार कठीण जातं.

अपघात झाल्यावर लगेच

कोणी जखमी झालं असेल किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं असेल, तर मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 134 नुसार चालकाने शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा 24 तासांत पोलिसांना कळवायला हवं. विमा कंपनीलाही पॉलिसी क्रमांक, अपघाताची तारीख, वेळ, ठिकाण, जखमींचा तपशील आणि चालकाचं नाव व लायसन्सची माहिती लेखी देणं याच कलमात येतं. फोनवर कळवलं तरी दावा क्रमांक लिहून घ्या आणि ई-मेल टाका. मृत्यू किंवा गंभीर दुखापत असेल तर मोटार वाहन निरीक्षकाची तपासणी होऊन पोलिसांनी गाडी सोडेपर्यंत दुरुस्ती सुरू करता येत नाही.

शक्य असेल तर टोचन लावण्याआधी जागेवरच स्पॉट सर्व्हे मागा. ते जमलं नाही तर फोटो तरी काढा: दोन्ही गाड्या एकत्र, नंबर प्लेट, मागच्या बाजूने दोन्ही लाँगमेंबर (चासीच्या दोन लांब तुळया), आणि चासी नंबर. हा शेवटचा फोटो बहुतेक जण विसरतात.

दावा कोणाला मिळतो

फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर स्वतःच्या ट्रकच्या दुरुस्तीचा दावा स्वतःच्या कंपनीकडे करता येत नाही. त्यासाठी पॅकेज पॉलिसी किंवा 'ओन डॅमेज' संरक्षण हवं. अपघाताच्या दिवशी पॉलिसी चालू, फिटनेस आणि परमिट वैध, आणि चालकाकडे त्या वर्गाच्या गाडीचं लायसन्स, एवढं तर कंपनी तपासतेच. बिल्टी (मालवाहतुकीची पावती) आणि वजनकाट्याची पावतीही मागितली जाते, कारण प्रश्न ओव्हरलोडचा असतो. अमलेंदू साहू प्रकरणात (2010) सर्वोच्च न्यायालयाने 'नॉन-स्टँडर्ड' तडजोडीचे निकष मान्य केले. त्यानुसार क्षमतेपेक्षा जास्त माल असला तरी दावा पूर्ण फेटाळण्याऐवजी देय रकमेच्या 75 टक्क्यांपर्यंत देता येतो. सरसकट नकाराचं पत्र हातात पडलं तर हा आधार उत्तरात लिहा.

आणखी एक ओळ पॉलिसीत आत्ताच शोधा: आयएमटी 23. व्यावसायिक वाहनांत दिवे, टायर, मडगार्ड, बंपर, बॉनेट, साइडचे भाग आणि नुकसान झालेल्या भागाचा रंग हे या जोडपत्राशिवाय बाहेर राहतात. मागच्या धडकेत नेमकं हेच फुटतं. चासीचे पैसे मिळाले आणि मागची सगळी लायटिंग खिशातून भरली, असं होण्याचं कारण बहुधा हेच असतं.

सरळ करायची की बदलायची

चासी म्हणजे दोन लांब लाँगमेंबर आणि त्यांना जोडणारे क्रॉस मेंबर. धडक सरळ बसली तर मागचा ओव्हरहँग (मागच्या चाकांच्या मागे निघालेला भाग) खाली-वर वाकतो किंवा शेवटचा क्रॉस मेंबर आत जातो. धडक एका कोपऱ्यावर बसली तर एक लाँगमेंबर दुसऱ्याच्या पुढे सरकतो आणि चौकट तिरकी होते. हे कळण्यासाठी ठरलेल्या बिंदूंपासून कर्णाची दोन मापं घ्यायची आणि ती जुळतात का पाहायचं. शिवाय दोन्ही बाजूंचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर), आणि पिळासाठी समतल जागेवर दोन्ही लाँगमेंबरची जमिनीपासूनची उंची. मापं उत्पादकाच्या दुरुस्ती पुस्तिकेत मान्य केलेल्या फरकात बसतात की नाही, ते वर्कशॉपकडून लेटरहेडवर सही-शिक्क्यासह लिहून घ्या. माझ्या मते अख्ख्या फायलीत सर्वात कामाचा कागद हाच.

दुरुस्ती निवडली तर ती थंड अवस्थेत, हायड्रॉलिक बेंचवर ओढून व्हायला हवी. उष्णताप्रक्रिया केलेल्या पोलादाला गॅसने लाल केलं की त्याची ताकद जाते, आणि हे वरून रंग मारल्यावर दिसत नाही. फ्लॅंजवर (लाँगमेंबरच्या वरच्या-खालच्या दुमडलेल्या कडेवर) भोकं पाडणं किंवा वेल्डिंग करणं उत्पादक सहसा मना करतात. रिव्हेटच्या भोकापासून तडा निघाला असेल किंवा फ्लॅंजला चुणी पडली असेल, तर तो लाँगमेंबर बदलण्याचा आग्रह धरा. इतर कुठेही वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरी आणि ईसीयूचे (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचे) कनेक्टर काढायचे.

आता पैशांची बाजू. नव्या धातूच्या भागावर घसारा कापला जातो: सहा महिन्यांपर्यंत काही नाही, चौथ्या वर्षात 25 टक्के, पाचव्या वर्षात 35, पाच ते दहा वर्षांत 40, दहानंतर 50. मजुरीवर घसारा नाही. म्हणजे सात वर्षांच्या ट्रकचा लाँगमेंबर बदलला तर भागाच्या किमतीतले 40 टक्के मालकाचे, पण सरळ केला तर बिल जवळपास सगळं मजुरीचं. म्हणून 'सरळ करून घेऊ' या सूचनेला मालक चटकन होकार देतो. कधी तो निर्णय बरोबरही असतो. ठरवताना मात्र मोजमापाचा कागद समोर हवा.

गाडी काढण्याचा आणि दुरुस्तीचा एकूण खर्च आयडीव्हीच्या (पॉलिसीत ठरलेल्या गाडीच्या किमतीच्या) 75 टक्क्यांच्या वर गेला तर दावा 'कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस', म्हणजे पूर्ण नुकसान धरून चालतो. गाडी कायमची निकामी झाली असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 55 प्रमाणे 14 दिवसांत नोंदणी प्राधिकरणाला कळवून आरसी द्यायची.

आरटीओकडे कधी जायचं

बहुतेक ट्रकांत चासी नंबर लाँगमेंबरच्या पुढच्या भागात, चाकाजवळ ठोकलेला असतो. त्यामुळे मागचा भाग सरळ केला किंवा क्रॉस मेंबर बदलला तर नंबरला धक्का लागत नाही आणि आरसीतला तपशीलही बदलत नाही. नंबर असलेला लाँगमेंबरच बदलायचा असेल, तर आधी आरटीओची लेखी मंजुरी, मग काम. कलम 55(5) नुसार गाडीवरचा चासी नंबर आरसीशी जुळला नाही तर नोंदणी रद्द होऊ शकते. गॅरेजवाल्याने 'आपण पंच मारून देऊ' म्हटलं तर तिथून गाडी हलवा.

मागची चासी कापून आखूड केली किंवा व्हीलबेस बदलला, तर तो कलम 52 खालचा बदल होतो. ओव्हरहँग व्हीलबेसच्या 60 टक्क्यांपेक्षा जास्त नसावा, ही केंद्रीय मोटार वाहन नियमांतली (नियम 93) अट आहे. मंजुरीशिवाय बदल केल्यास कलम 182क मध्ये शिक्षेची तरतूद आहे. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्स कंपनीचं ना हरकत पत्रही लागेल.

पासिंगला जाताना मागचा अंडररन गार्ड, म्हणजे मागची गाडी ट्रकखाली घुसू न देणारा आडवा दांडा (आयएस 14812), परावर्तक पट्ट्या (एआयएस 090) आणि मागची उच्च सुरक्षा नंबर प्लेट पुन्हा जागेवर हवी. प्लेट चेपली असेल तर नवीन अधिकृतपणेच मागवा.

फाइलमध्ये काय असावं

सही केलेला दावा फॉर्म, पॉलिसी, आरसी, फिटनेस, परमिट, कर भरल्याची पावती, पीयूसी आणि चालकाचं लायसन्स. बिल्टी. एफआयआर किंवा पंचनाम्याची प्रत. वर्कशॉपचं एस्टिमेट, त्यात मजुरी आणि सुटे भाग वेगळे दाखवलेले. मोजमापाचा अहवाल दोन वेळचा, दुरुस्तीआधीचा आणि नंतरचा. जीएसटी क्रमांकाची अंतिम बिलं आणि पैसे भरल्याच्या पावत्या. पॅन, केवायसी, रद्द केलेला धनादेश. जुने भाग री-इन्स्पेक्शन (दुरुस्तीनंतरची फेरतपासणी) होईपर्यंत भंगारात देऊ नका, सर्व्हेअर ते पाहायला मागतो.

विमा नियामक आयआरडीएआयच्या 2024 च्या मास्टर सर्क्युलरप्रमाणे दावा कळवल्यापासून 24 तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याचा अहवाल 15 दिवसांत यायचा आणि अहवाल मिळाल्यापासून सात दिवसांत कंपनीने निर्णय द्यायचा. उशीर झाला तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा, मग आयआरडीएआयच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवर तक्रार नोंदवा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर ट्रक वैयक्तिक नावावर, एकल मालकीच्या किंवा सूक्ष्म उद्योगाच्या नावावर असल्यास विमा लोकपालाकडे जाता येतं.

चूक मागच्या गाडीची असेल आणि तुमच्याकडे ओन डॅमेज नसेल, तर त्या गाडीच्या मालक आणि विमा कंपनीविरुद्ध मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. त्यासाठी कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे, आणि तिथेही दुरुस्तीची बिलं व मोजमापाचा अहवाल हाच मुख्य पुरावा असतो.