चिकटलं खरं, पण कुठे?

औषध मेंदूतल्या पेशींवर कुठे जाऊन बसतं, हे शोधायची पद्धत ऐकायला अगदी सोपी आहे. औषधात किरणोत्सारी हायड्रोजन, म्हणजे ट्रिशियम, घालायचा. उंदराचा मेंदू वाटून पेशीपटलांचा लगदा करायचा. दोन्ही थोडा वेळ एकत्र ठेवून गाळायचं आणि गाळणीवर किती किरणोत्सार उरला ते मोजायचं.

पण औषध सगळ्यालाच चिकटतं! पटलातल्या चरबीला, भलत्याच प्रथिनांना, अगदी गाळणीच्या काचतंतूंनाही. खरे रिसेप्टर, म्हणजे ज्या प्रथिनांवर बसून औषध आपलं काम करतं ती, इतके थोडे, की त्यांचा आकडा या चिकटाचिकटीत बुडून जातो. अफूच्या रिसेप्टरचा शोध याच कारणामुळे अडून बसला होता.

वाट दाखवली ती स्टॅनफर्डच्या अॅव्हरम गोल्डस्टाइन यांनी, 1971 साली. लेव्हॉर्फनॉल हे मॉर्फिनच्या जातीचं वेदनाशामक. डेक्स्ट्रॉर्फन म्हणजे त्याचंच आरशातलं प्रतिबिंब. अणू तेच, पण वेदना शमवण्यात जवळजवळ निकामी. (खोकल्याच्या औषधातल्या डेक्स्ट्रोमेथॉर्फनपासून शरीरात हेच तयार होतं.) चरबीला डावं-उजवं कळत नाही, रिसेप्टरला कळतं. म्हणून जे चिकटणं लेव्हॉर्फनॉल हटवतं आणि डेक्स्ट्रॉर्फन हटवू शकत नाही, तेवढंच खरं धरायचं.

तरीही गोल्डस्टाइन यांच्या हाती फारसं लागलं नाही. जॉन्स हॉपकिन्समध्ये कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी दोन गोष्टी बदलल्या. घट्ट धरून बसणारं नॅलॉक्सोन घेतलं. अफूजन्य औषधांच्या अतिसेवनावर उतारा म्हणून देतात तेच. आणि लगदा झटपट गाळून बर्फगार द्रावणानं धुतला. माझ्या मते खरी कमाल या धुण्यात आहे. रेंगाळलात तर रिसेप्टरवरचं औषधही सुटून जातं. घाईत धुतलं तर सैल चिकटलेलं तेवढं वाहून जातं.

मार्च 1973 मध्ये त्यांचा निबंध आला. त्याच वर्षी न्यूयॉर्कचे एरिक सायमन आणि उप्सालाचे लार्स टेरेनियस यांनाही स्वतंत्रपणे तेच सापडलं. औषध जितकं जालीम, तितकं ते कमी मात्रेत नॅलॉक्सोनला हुसकावत होतं. आणि लहान मेंदूच्या लगद्यात रिसेप्टर जवळपास नव्हतेच.

अफूसाठी मेंदूत जागा कशाला? या प्रश्नाचा माग काढत अॅबर्डीनच्या ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांनी 1975 साली डुकरांच्या मेंदूतून एन्केफॅलिन, म्हणजे मेंदू स्वतःच बनवतो ते अफूसारखं रसायन, वेगळं काढलं.

हे सगळं निव्वळ मोजणीवर चाललं होतं. मॉर्फिन ज्यावर बसतं त्या म्यू रिसेप्टरची स्फटिकरचना, म्हणजे त्यातल्या अणूंची मांडणी, दिसायला 2012 साल उजाडलं.