परग्रहवासी आणि मुलांच्या मैत्रीचे चित्रपट : कथानकाचा तर्क

परग्रहावरचा जीव पृथ्वीवर मागे राहतो, एखाद्या मुलाच्या हाती लागतो, मूल त्याला मोठ्यांपासून लपवते आणि शेवटी त्याच्या घरी परत पाठवते, अशा कथानकाचे कौटुंबिक विज्ञानपट या प्रकारात येतात. मेलिसा मॅथिसन यांनी लिहिलेल्या आणि स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘ई.टी.’ (१९८२) या अमेरिकन चित्रपटाने हा साचा पक्का केला.

सगळा डोलारा गुपितावर उभा असतो. मुलाने पहिल्याच दिवशी आईला विश्वासात घेतले, तर गोष्ट तिथेच आटोपते. म्हणून न सांगण्याचे कारण घरातच पेरावे लागते. ‘ई.टी.’मधल्या एलियट या मुलाचे वडील घर सोडून मेक्सिकोला गेले आहेत, आई त्या दुःखात आहे, आणि अंगणातल्या खोपटात काहीतरी आहे असे तो सांगतो तेव्हा घरात कोणालाच ते खरे वाटत नाही. मग तो पुन्हा कशाला सांगेल? कॅमेराही मुलांच्या उंचीवर राहतो. पाठलाग करणाऱ्या अधिकाऱ्याचा चेहरा बराच काळ दिसत नाही, दिसतो तो कमरेचा किल्ल्यांचा जुडगा. पुढे हाच माणूस आपण दहा वर्षांचे असल्यापासून या भेटीची वाट पाहत होतो असे सांगतो. खलनायक न ठेवता भीती निर्माण करण्याची ही युक्ती या प्रकारातली सर्वांत सुंदर युक्ती आहे.

खरी अडचण पाहुण्याच्या शक्तीची. ई.टी. सायकली आकाशात उडवू शकतो, तर पहिल्या रात्री सुटणारे यान गाठण्यासाठी जंगलातून धडपडत का पळतो? याचे उत्तर चित्रपटात नाही आणि हा पटकथेतला दोषच आहे. तरी तो खुपत नाही, कारण ई.टी. दिवसेंदिवस खंगत जातो आणि मनाने जोडलेला एलियटही त्याच्याबरोबर आजारी पडतो. वेळ संपत चालली आहे ही जाणीव शंकेपेक्षा मोठी ठरते. संदेशयंत्रही पटते; ते छत्री, करवतीचे पाते आणि शब्द शिकवणारे बोलके खेळणे अशा घरातल्याच वस्तूंतून बनते. राकेश रोशन यांच्या ‘कोई... मिल गया’मध्ये (२००३) शक्तीचा नियम अधिक स्पष्ट आहे: ‘जादू’ नावाच्या परग्रहवासीला बळ उन्हातून मिळते, ऊन नसेल तेव्हा तो असहाय. इथला नायक रोहित शरीराने मोठा, बुद्धीने लहान. वडील इथेही नाहीत, पण परग्रहाला हाक घालणारा संगणक त्यांचाच.

ब्रॅड बर्ड यांच्या ‘द आयर्न जायंट’ची (१९९९) मांडणी उलटी आहे. काळ १९५७ चा, स्पुटनिक या सोव्हिएत उपग्रहाने धास्तावलेल्या अमेरिकेतला. पाहुणा म्हणजे एक अजस्र यंत्रमानव; तो दुबळा नाही, स्वतःच शस्त्र आहे. त्यामुळे ‘घरी कसा जाईल?’ याऐवजी ‘काय व्हायचे ठरवेल?’ हा प्रश्न कथा पुढे नेतो.

सत्यजित राय यांनी १९६७ मध्येच ‘द एलियन’ ही पटकथा लिहिली होती. चित्रपट मात्र झाला नाही. तिथे यान बंगालमधल्या खेड्यातल्या कमळांच्या तळ्यात उतरते आणि गावकरी त्याला बुडालेले देऊळ समजतात. मोठ्यांपासून काही लपवावेच लागत नाही. ते समोरच असते, फक्त त्याची खरी ओळख हाबा नावाच्या गरीब मुलाला होते.